लिंकन यांचे पणजोबा कुठून आले? जुन्या अमेरिकेत घराण्याचा माग कसा काढतात

१८४८ सालच्या मार्च महिन्यात इलिनॉयमधून निवडून आलेला एक खासदार वॉशिंग्टनमध्ये बसून आपल्याच आडनावाच्या दोन अनोळखी माणसांशी पत्रव्यवहार करत होता. एक मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावचे सॉलोमन लिंकन, दुसरे व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम कौंटीचे डेव्हिड लिंकन. आपले एकमेकांशी काही नाते लागते का, एवढेच त्याला कळून घ्यायचे होते. खासदाराचे नाव अब्राहम लिंकन.

व्हर्जिनियाचे उत्तर लगेच जुळले. डेव्हिड यांचे काका अब्राहम आणि या खासदाराचे आजोबा अब्राहम हा एकच माणूस निघाला. हिंगमचे मात्र जमले नाही. पुढे १८५९ मध्ये स्वतःची थोडक्यात माहिती लिहून देताना लिंकन यांनी सांगून टाकले की आजोबा व्हर्जिनियातून केंटकीत आले, त्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स कौंटीतून व्हर्जिनियात आले होते, आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्य भागातल्या, लिंकन घराण्याशी नाते जोडायच्या प्रयत्नातून मॉर्डेकाय, लेव्ही, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या सारखेपणापलीकडे काही हाती लागले नाही.

लिंकन वकील होते. तरुणपणी त्यांनी जमिनीची मोजणीही केली होती. जुने कागद कसे वाचायचे हे त्यांच्याइतके फार थोड्यांना कळत असेल. तरीही पणजोबांच्या मागे त्यांना जाता आले नाही, कारण मधला एक प्रदेश कुटुंबाच्या आठवणीतून पुसला गेला होता. तो म्हणजे न्यू जर्सी. त्यांच्या मृत्यूनंतर अभ्यासकांनी तो दुवा जोडला, आणि आज सॅम्युएल लिंकन या विणकराच्या घरच्या नोकरापासून राष्ट्राध्यक्षांपर्यंतच्या सात पिढ्या कागदांच्या आधारे सांगता येतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत आता सून किंवा जावई तिथल्या जुन्या कुटुंबातला असतो. नातवंडे शाळेतून वंशवृक्षाचा तक्ता घेऊन येतात. मराठी बाजू आजी-आजोबा भरून देतात आणि दुसरी बाजू तीन पिढ्यांवर अडते. ती पुढे कशी सरकवायची हे समजून घ्यायला लिंकन घराण्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. हे घराणे दोनशे वर्षांत जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या जुन्या अमेरिकेतून गेले आहे.

आधी जागा, मग माणूस

आपल्याकडे घराण्याचा शोध बहुतेक वेळा एका गावाशी जाऊन थांबतो. मूळ गाव, कुलदैवत, त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींची वही. माणसे मुंबईला गेली, परदेशी गेली, तरी मूळ गाव जागेवर राहते. अमेरिकेतल्या जुन्या कुटुंबांना असे एक गाव नसते. दर पिढीला किंवा दोन पिढ्यांनी ते जमीन विकतात, गाड्या भरतात आणि दोनशे-चारशे मैल पुढे जातात. आणि प्रत्येक प्रदेशात कागद ठेवायची पद्धत वेगळी.

शिवाय १७७६ पूर्वी तिथे एक देशच नव्हता. तेरा वसाहती होत्या. प्रत्येकीचा कायदा वेगळा, चर्च वेगळे, नोंदी ठेवणारी कचेरी वेगळी. न्यू इंग्लंडमध्ये टाऊन म्हणजे गावाची पंचायत सगळे लिहून ठेवी. दक्षिणेत आणि मध्य भागात कौंटीचे कोर्टहाऊस महत्त्वाचे. कौंटी म्हणजे साधारण आपला तालुका समजा. खरेदीखते, मृत्युपत्रे, लग्नाचे करारनामे, कर्जाचे खटले, अनाथ मुलांचे पालक नेमण्याचे हुकूम, सगळे त्या एका इमारतीत.

आणि या कौंट्या फुटत राहतात. वस्ती वाढली की एका मोठ्या कौंटीचे दोन तुकडे, मग चार. रत्नागिरीचा दक्षिण भाग १९८१ मध्ये सिंधुदुर्ग झाला, तेव्हा सावंतवाडीचा माणूस घरातून न हलता दुसऱ्या जिल्ह्याचा झाला. तिथे हे एकाच शेताच्या बाबतीत तीन-चार वेळा घडले आहे. नवी कौंटी झाली तरी जुने कागद बहुतेक वेळा जुन्या कौंटीतच राहतात. म्हणून आजच्या नकाशावर गाव शोधून त्या कौंटीच्या कचेरीत गेलात, तर ज्या वर्षाचा कागद हवा ते वर्ष त्या कौंटीच्या जन्माआधीचे निघू शकते. अमुक तारखेला ही जमीन कोणत्या कचेरीच्या हद्दीत होती, हे नावाआधी विचारायचे.

लिंकन यांचेच बघा. त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, केंटकीतला. ती जागा आज लारू कौंटीत आहे, पण लारू कौंटी झाली १८४३ मध्ये. जन्माच्या वेळी ती हार्डिन कौंटी होती.

इंडियाना ते केंटकी: नीट आखलेली जमीन आणि वेडीवाकडी जमीन

शोध नेहमी आपल्यापासून मागे जायचा. पुढून येणाऱ्या कथेवर, म्हणजे 'तीन भाऊ जहाजातून आले' अशा सुरुवातीवर, मी तरी विश्वास ठेवत नाही. म्हणून लिंकन यांच्या वडिलांपासून सुरू करू.

थॉमस लिंकन १८१६ च्या हिवाळ्यात केंटकी सोडून इंडियानात आला. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी त्याने व्हिन्सेन्सच्या सरकारी जमीन कचेरीत १६० एकरांची नोंद केली. ही जमीन नेमकी कोणती ते आजही नकाशावर बोट ठेवून दाखवता येते: टाऊनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम, सेक्शन ३२, त्याचा नैर्ऋत्य चतुर्थांश. १७८५ च्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेची जमीन विकण्याआधी चौकोनांत आखली होती. सहा मैल बाय सहा मैलांची टाऊनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकर. पहिला मालक केंद्र सरकार असल्यामुळे पहिल्या खरेदीच्या नोंदीही केंद्राकडे. संशोधकाला हा प्रदेश म्हणजे सपाट रस्ता.

केंटकीत असे काही नव्हते. केंटकी १७९२ पर्यंत व्हर्जिनियाचा भाग होता, आणि व्हर्जिनियाची रीत अशी की परवाना घ्या, जंगलात जा, हवी ती जमीन निवडा आणि हद्द लिहा: 'ओढ्याकाठच्या पांढऱ्या ओकपासून अमुक अंतर, मग दोन हिकरींपर्यंत.' झाड पडले की हद्द गेली. एकाच तुकड्यावर तीन-तीन दावे, छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर चढलेले. थॉमसने केंटकीत घेतलेल्या तिन्ही शेतांच्या हक्कात काही ना काही अडचण निघाली. लिंकन यांनी पुढे लिहिले की केंटकी सोडण्यामागे गुलामगिरी हे एक कारण होते, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्काचे घोळ. माग काढणाऱ्याला या घोळाचा एक फायदा होतो. भांडण झाले की खटला होतो, आणि खटल्यात शेजारी साक्ष देतात: मी या माणसाला इतक्या वर्षांपासून ओळखतो, तो अमुक ठिकाणाहून आला.

केंटकीतली एक गोष्ट मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो. थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स यांच्या लग्नाची नोंद अनेक वर्षे सापडत नव्हती. कुटुंब हार्डिन कौंटीत राहत होते म्हणून शोध हार्डिनमध्ये घेतला जाई. नोंद नाही म्हणजे लग्नच नाही, अशी कुजबुज लिंकन यांच्या विरोधकांनी केली. प्रत्यक्षात लग्न १२ जून १८०६ रोजी शेजारच्या वॉशिंग्टन कौंटीत झाले होते, कारण नॅन्सी तिथे राहत होती. करारनामा आणि पाद्री जेसी हेड यांनी दिलेली नोंद, दोन्ही तिथल्या कोर्टहाऊसमध्ये शाबूत होते. ते उजेडात आले तेव्हा लिंकन यांची हत्या होऊन बरीच वर्षे लोटली होती. लग्न बहुधा मुलीच्या कौंटीत नोंदले जाते, एवढे ध्यानात असते तर एका आईची अब्रू इतकी वर्षे टांगणीला लागली नसती.

थॉमसचे वडील कॅप्टन अब्राहम १७८६ मध्ये केंटकीच्या जेफरसन कौंटीत शेतात काम करत असताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. ती भूमी शॉनी आणि इतर जमातींची होती, आणि तिच्यासाठी तेव्हा दोन्ही बाजूंनी रक्त सांडत होते. मृत्युपत्र नव्हते. व्हर्जिनियाचा तेव्हाचा कायदा असा की मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. हा कायदा १७८५ मध्ये रद्द करायचे ठरले होते, पण अंमल सुरू झाला १ जानेवारी १७८७ पासून. काही महिन्यांच्या फरकाने थोरल्या मॉर्डेकायला सर्व मिळाले आणि धाकट्या थॉमसच्या वाट्याला मजुरी आली.

हे सांगण्यामागे कारण आहे. तुम्ही थॉमसचे नाव वडिलांच्या जमिनीच्या कागदांत शोधत बसलात तर ते मिळणार नाही, आणि तो त्यांचा मुलगाच नव्हता असा चुकीचा निष्कर्ष काढाल. कायदा माहीत असेल तर कागदाचे मौन वाचता येते. उलट पेनसिल्व्हेनियात आणि न्यू इंग्लंडमध्ये सर्व मुलांना वाटा मिळे, थोरल्याला बहुधा दुप्पट. तिथे वाटणीपत्र सापडले तर सगळी भावंडे एका कागदावर भेटतात.

व्हर्जिनिया: जळलेले कोर्टहाऊस

कॅप्टन अब्राहम केंटकीत आला तो शेनांडोआच्या खोऱ्यातून. त्याचे वडील जॉन यांनी १७६८ मध्ये लिनव्हिल क्रीकच्या काठी ६०० एकर जमीन घेतली होती. तेव्हा ती ऑगस्टा कौंटी होती. १७७८ मध्ये तिच्यातून रॉकिंगहॅम वेगळी झाली. म्हणजे खरेदी एका कौंटीत आणि विक्री दुसऱ्या, तेही घर न बदलता.

१८६४ मध्ये यादवी युद्धात रॉकिंगहॅमच्या दस्तऐवजांना आग लागली आणि बरेच पुस्तके-कागद जळाले. व्हर्जिनियात अशा 'जळलेल्या कौंट्या' पुष्कळ आहेत. भर म्हणजे देशाच्या १७९० च्या पहिल्या जनगणनेचे व्हर्जिनियाचे तक्ते उरलेले नाहीत, केंटकीचे १७९० आणि १८०० चेही नाहीत. अशा वेळी हात द्यायला असते ती कराची यादी. व्हर्जिनियात १७८२ पासून दरवर्षी घोडे, गुरे, गुलाम आणि सोळा वर्षांवरचे पुरुष मोजून कर लागे. सलग दहा वर्षांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या की एका घरात सोळा वर्षांचा मुलगा कधी वाढला, कोणत्या वर्षी तो स्वतःच्या नावाने कर भरू लागला आणि कोणत्या वर्षी घराचे नाव यादीतून गेले, हे दिसू लागते. काम कंटाळवाणे आहे. तरी मला विचाराल तर जनगणनेपेक्षा याद्यांनी जास्त कोडी सोडवली आहेत.

जनगणनेबद्दल एवढेच ध्यानात ठेवा की १८५० च्या आधी तीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असते. बाकीचे सारे वयोगटाच्या रकान्यात आकडे म्हणून बसतात. १८९० ची बहुतेक जनगणना वॉशिंग्टनमध्ये १९२१ साली लागलेल्या आगीने गिळली.

आडनावाच्या स्पेलिंगला या काळात काडीची किंमत देऊ नये. कारकून कानाने ऐकून लिहायचा. कॅप्टन अब्राहमने १७८० मध्ये केंटकीतल्या ४०० एकरांचा परवाना घेतला, त्यावर त्याचे नाव 'लिंकहॉर्न' असे आहे. नव्या माणसाला वाटते की हे वेगळे घराणे. कुळकर्णी आणि कुलकर्णी वेगळे मानले तर आपले काय होईल, तेच इथे.

शेजारी सोडू नका

लिंकन मंडळी पेनसिल्व्हेनियातून शेनांडोआत आली ती ग्रेट वॅगन रोडने. फिलाडेल्फियाहून पश्चिमेला लँकेस्टर, मग दक्षिणेला वळून डोंगररांगांच्या मधल्या खोऱ्यातून थेट कॅरोलिनापर्यंत जाणारा हा गाडीरस्ता. जर्मन, स्कॉच-आयरिश, क्वेकर या ख्रिस्ती पंथाची अशी हजारो कुटुंबे याच रस्त्याने उतरली. एकटे कुटुंब सहसा जात नसे. भाऊ, मेहुणे, शेजारी, एका चर्चची माणसे मिळून जात.

बर्क्स कौंटीतल्या एक्झेटर भागात लिंकनांचे शेजारी होते बून. प्रसिद्ध वाटाड्या डॅनियल बून तिथेच १७३४ मध्ये जन्मला. बून कुटुंब १७५० मध्ये निघाले, शेनांडोआतून उत्तर कॅरोलिनाला गेले. डॅनियलने १७७५ मध्ये केंटकीकडे जाणारी वाट फोडली, आणि काही वर्षांनी कॅप्टन अब्राहम लिंकन केंटकीत पोहोचला. दोन घरांत सोयरीकही झाली होती. म्हणूनच अनुभवी माणसे आपल्या पूर्वजाचा माग सुटला की त्याच्या शेजाऱ्याचा, खरेदीखतावरच्या साक्षीदाराचा, मुलांच्या पालकाचा माग धरतात. आपला माणूस त्यांच्यामागे पुढच्या मुक्कामी सापडतो.

या सोयरिकीतून आणखी एक गोष्ट कळते. आपले पूर्वज क्वेकर होते असे लिंकन यांना घरात सांगितले गेले होते. क्वेकर सभांच्या इतिवृत्तांची ख्याती मोठी आहे: जन्म, लग्न, एका सभेतून दुसऱ्या सभेत जाण्याचा दाखला, सगळे बारकाईने. एक्झेटरच्या सभेत १७६१ मध्ये एका बाईने दिलगिरी नोंदवली आहे. ती माहेरची ॲन बून. पंथाबाहेरच्या माणसाशी लग्न केले म्हणून तिला जाब द्यावा लागला होता, आणि तो नवरा अब्राहम लिंकन, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पणजोबांचा सावत्र भाऊ. म्हणजे निदान तो तरी क्वेकर नव्हता. घरातली आठवण शेजाऱ्यांचा आणि सुनांचा धर्म आपल्या पूर्वजांना चिकटवते, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे. आठवण खोटी नसते, तिची जागा सरकलेली असते.

न्यू जर्सीतले तीनशे एकर

आता हरवलेला दुवा. व्हर्जिनियाला गेलेल्या जॉनचे वडील मॉर्डेकाय लिंकन १७३६ मध्ये पेनसिल्व्हेनियात वारले. त्यांचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. तारीख फेब्रुवारी १७३५/३६ अशी दुहेरी आहे, ती पाहून गोंधळायला नको. ब्रिटिश वसाहतींत १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना दोन वर्षे लिहिली जात. क्वेकर मंडळी महिन्यांची नावेही घेत नसत. त्यांचा 'पहिला महिना' तेव्हा मार्च असे. हे माहीत नसलेल्यांनी कित्येक मुले लग्नाआधी जन्माला घातली आहेत आणि कित्येक मृतांना मृत्युपत्रावर सह्या करायला लावल्या आहेत.

मृत्युपत्रात मॉर्डेकाय यांनी पेनसिल्व्हेनियाची जमीन धाकट्या मुलांना दिली. पहिल्या बायकोपासून झालेल्या थोरल्या जॉनला दिले जर्सीतले ३०० एकर.

इथे थांबून विचार करायचा असतो. पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माणसाकडे जर्सीत जमीन कशी? तो आधी तिथे राहिला असेल, किंवा सासर तिथले असेल. दोन्ही खरे निघाले. मॉर्डेकाय तरुणपणी भाऊ अब्राहमबरोबर न्यू जर्सीच्या मॉनमथ कौंटीत आला होता. तिथे त्याने हॅना सॉल्टर हिच्याशी लग्न केले. ती त्या भागातल्या वजनदार जमीनदाराची, कॅप्टन जॉन बाऊन यांची भाची. आणि १७४८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर कौंटीतल्या जॉन लिंकनने हेच ३०० एकर विकले. एका टोकाला मृत्युपत्र, दुसऱ्या टोकाला खरेदीखत, मध्ये जमीन तीच. मॉर्डेकायचा मुलगा जॉन आणि व्हर्जिनियाला जाणारा जॉन यांना बांधणारी दोरी ती हीच.

माणूस नाव बदलतो, स्पेलिंग बदलतो, पंथ बदलतो. जमीन जागची हलत नाही. ती कुणाकडून आली आणि कुणाकडे गेली ही साखळी आपल्या सातबाऱ्यावरच्या फेरफारांसारखी असते, आणि खरेदीखत नसले तरी वारसा झालाच पाहिजे. म्हणून एखाद्याने जमीन विकली पण घेतल्याचा कागद नाही असे दिसले की माझे कान टवकारतात. बहुधा ती वडिलांकडून किंवा सासऱ्याकडून आलेली असते.

मॉर्डेकाय आणि अब्राहम या भावांचा उत्तरेकडचा दुवा मॅसॅच्युसेट्समधल्या सिच्युएट गावात मिळतो. तिथे १७२७ मध्ये वारलेल्या थोरल्या मॉर्डेकाय लिंकनच्या मृत्युपत्रात याच दोन मुलांची नावे आहेत. बापाचा व्यवसाय लोखंडाचा, आणि मॉर्डेकायनेही पेनसिल्व्हेनियात येऊन लोखंडाच्या भट्टीत भागीदारी केली. नुसते नाव जुळले असते तर पुरले नसते. नाव, भावांची जोडी, धंदा आणि काळ असे चारही एका रेषेत आले तेव्हा लोकांचा विश्वास बसला. लिंकन यांच्या हाती फक्त नावे होती, आणि तेवढ्यावर त्यांनी दावा केला नाही. मला हा त्यांचा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. आज महाजालावर लाखो वंशवृक्ष याच्या उलट रीतीने उभे राहतात: नाव सारखे दिसले की जोड, आणि एकाने जोडले की हजारांनी उतरवून घ्यायचे. तिथले झाड सूचना म्हणून घ्यावे, पुरावा म्हणून कधीच नाही. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मूळ दस्तऐवजांची छायाचित्रे मोफत पाहता येतात. शेवटी नजर त्यावरच पडली पाहिजे.

हिंगमचे चार थॉमस

न्यू इंग्लंडला पोहोचलात की कागदांचा दुष्काळ संपतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ पासूनच जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा हुकूम होता. इथली अडचण वेगळी असते. माणसे भरमसाट आणि नावे मोजकी. हिंगममध्ये सुरुवातीच्या वसाहतकारांत चार थॉमस लिंकन होते. गावाने त्यांना धंद्यावरून ओळखले: गिरणीवाला थॉमस, विणकर थॉमस, पिंपे करणारा थॉमस आणि शेतकरी थॉमस. त्यांच्यातला विणकर हा थोरल्या मॉर्डेकायच्या बापाचा, म्हणजे सॅम्युएलचा, भाऊ. म्हणून जुन्या कागदातला धंदा कधी गाळू नये. तो आडनावाइतकाच ओळखीचा भाग आहे. केंटकीत १७८० मध्ये झालेली लिंकन कौंटी राष्ट्राध्यक्षांच्या नावाची आहे असे अनेकांना वाटते. ती खरे तर स्वातंत्र्ययुद्धातले सेनापती बेंजामिन लिंकन यांच्या नावाची. तेही हिंगमचेच, पण वेगळ्या लिंकनांचे.

सॅम्युएल १६३७ मध्ये नॉरिचच्या फ्रान्सिस लॉज या विणकराच्या घरचा नोकर म्हणून जहाजाने आला. प्रवाशांच्या यादीत त्याचे वय १८ लिहिले आहे. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या हिंगम गावी त्याचा बाप्तिस्मा १६२२ मध्ये झाला, त्या हिशेबाने तो १४-१५ चा असायला हवा. यादी खोटी ठरवायची गरज नाही. वय सांगणारा पोरगा, त्याचा मालक किंवा कारकून, कुणीही चुकले असेल. कोणता कागद घटनेच्या जवळचा आणि कुणी माहिती दिली, हे पाहून वजन ठरवायचे.

ज्यांची नावे लिहिली गेली नाहीत

आतापर्यंत सगळी साखळी बापांची झाली, कारण कागद त्यांच्या नावाचे होते. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याची धरली जाई. कॅप्टन अब्राहमची बायको बाथशेबा हिचे नाव कळते ते जमीन विकताना तिची वेगळी संमती घ्यावी लागली म्हणून. विधवेच्या हक्काचा तिसरा हिस्सा ती सोडते आहे हे न्यायाधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत. तिचे माहेर कोणते यावर अजून वाद आहे. नॅन्सी हँक्स हिच्या आईविषयीही शंभर वर्षे दोन पक्ष भांडले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए चाचणीने त्याला बराच निकाल दिला. आईकडून मुलांना मिळणारा आणि मुलीच पुढे नेऊ शकतात असा मायटोकाँड्रियल डीएनए हँक्स घरातल्या स्त्री-वंशजांचा तपासला, आणि नॅन्सी ही ल्युसी हँक्सची मुलगी या मताला बळ मिळाले. जिथे कागदाने बायकांना वगळले, तिथे शरीराने नोंद ठेवली होती.

याहून मोठी गाळलेली ओळ गुलाम केलेल्या माणसांची आहे. व्हर्जिनियात मागे राहिलेल्या लिंकन शाखेकडेही गुलाम होते. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांचे वेगळे तक्ते आहेत. त्यांत मालकाचे नाव आहे, गुलामाचे नाही. फक्त वय, लिंग, रंग. बहुतेक काळ्या अमेरिकन कुटुंबांची नावे जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. तिथून मागे जायचे तर मालकाचे घराणे शोधावे लागते: त्याचे मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, कर्जासाठी गहाण टाकल्याचा कागद. ज्या यादीत घोड्यानंतर आणि नांगराआधी एका आईचे आणि तिच्या दोन मुलांचे पहिले नाव आणि किंमत लिहिलेली असते, ती वाचताना हात थरथरतो. पण तीच त्या कुटुंबाची एकमेव जन्मनोंद असू शकते. म्हणून गोऱ्या घराण्याचे कागद चाळणाऱ्याने अशी नावे दिसली की उतरवून प्रसिद्ध करावीत. ज्यांचे ते पूर्वज, त्यांना ती यादी सापडायचा दुसरा मार्ग नसतो.

न्यू जर्सीत ॲलनटाऊनजवळच्या जुन्या दफनभूमीत एक लहान दगड आहे. त्यावर कोरले आहे: डेबोरा लिंकन, वय ३ वर्षे ४ महिने, १५ मे १७२०. मॉर्डेकाय आणि हॅना यांची ही मुलगी. आडनावातले एक अक्षर गाळलेले आहे. तिच्या नावे जमीन नव्हती, वडिलांच्या मृत्युपत्रात ती नाही, कराच्या कोणत्या यादीत ती येणार नव्हती. १८४८ मध्ये पत्रे लिहिणाऱ्या लिंकन यांना ती माहीत नव्हती. मे १७२० मध्ये हे कुटुंब न्यू जर्सीत होते, हे दगडावर कोरून ठेवणारी तीच.